राईतला डाव्या तोंडाचा शंख

॥ श्री ॥

सांगली, ता. ९ ऑगस्ट १९७३

चि. हरीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी पिशवी मानसिंगने काल आणून दिली. आलं ते असं : काडेपेट्या एकवीस, त्यांतल्या दोन चेपलेल्या. नाचणी दोन शेर. करवंदाच्या लोणच्याची एक बरणी, वर बुरी आलेली, म्हणजे तू पुन्हा ओला चमचा घातलास. तुझे मळके सदरे तीन. ते कशासाठी? हेळवाकात धुवायला दगड नाही की साबण नाही? आणि लागलं ते असं : मानसिंगला माधवनगरहून येण्याजाण्याचे साठ पैसे, कापूस आठ आणे, रिठे चार आणे. सदरे धुतले त्याचं काही लावलेलं नाही. तो पोरगा गिरणीतली पाळी बदलून घेतो आणि आपल्या गावाहून, आंबेघोळीहून, येताना तुझं ओझं वाहतो. पैसे देताना दोनदा नको म्हणाला. "सायबांचं सामान हाय, त्येचं कसलं पैसं?" साहेब म्हणे. बांधकाम खात्यातला कारकून तू, पण डोंगरात कोणाला कळतंय!

सगळ्या पेट्या उघडून वास घेतला. शंख रिकामे आहेत, आत जीव नाही. आपलं ठरलं आहे ते तू पाळतोस एवढं बरं. मेलेल्या गोगलगायीचं घर उचलायचं, जितीला हात लावायचा नाही. मुंबईच्या संग्रहालयातले दस्तूरसाहेब उकळत्या पाण्याचं काय ते लिहीत असतात, ते त्यांच्या घरी. माझ्या चुलीवर चालणार नाही.

यांनी कॉलेजातून तो जाड इंग्रजी ग्रंथ पुन्हा आणून दिला. मला भिंग लावून बसलेली बघून म्हणाले, "भाऊ गोगलगायी वेचतो, बहीण त्यांच्या पत्रिका मांडते. लग्नं कधी लावणार?" म्हटलं, मांडव तुम्ही घाला, लावते. असो. सतरा शंख ओळखीचे निघाले. तीन फुटके, त्यांचं काही सांगता येत नाही. राहिला एक.

हा एक काय आणलायस रे? हरभऱ्याएवढा, रंगाने मधासारखा, वेढे साडेसहा, तोंड डावीकडे. बेंबी झाकलेली. आणि तोंडात मातीच्या वर डोकावणारे तीन दात. डाव्या तोंडाचे आपल्याकडे आहेत, पण ते सुपारीहून मोठे आणि बोळके. हा ग्रंथात नाही. पुढून मागून दोनदा बघितलं. चित्र काढून दस्तूरसाहेबांना आजच पाठवते.

आणि ह्याच शंखाच्या चिठ्ठीवर तू लिहितोस, "ओढ्याकाठी". कुठला ओढा? कोयनेच्या खोऱ्यात ओढे काय दोन आहेत? लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कापून मी तुला चिठ्ठ्या करून पाठवते, त्या काय कान कोरायला? ज्या शंखाला ठिकाण नाही त्याला गोत्र नाही, हे तुला मी किती वेळा सांगायचं? बी.ए. तू झालायस, मी नाही. नीट ठिकाण कळव.

तुझी
अक्का


सांगली, ता. २२ ऑगस्ट १९७३

चि. हरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. "हेळवाकच्या पुलाखालचा ओढा, डावा काठ, उंबराच्या मुळाशी पाल्यात." इतकं सविस्तर उत्तर तू जन्मात कधी दिलं नव्हतंस. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आधी आनंदाचं सांगते. दस्तूरसाहेबांचं उत्तर आलं. असा शंख त्यांच्या कपाटात नाही, त्यांना ठाऊक असलेल्या कुठल्या ग्रंथात नाही. नवी जात असावी असं त्यांना वाटतं. शंख आणि ठिकाणाची चिठ्ठी रजिस्टरने मागवली आहे. ठरलं तर ज्याने शोधला त्याच्या नावावरून जातीचं नाव ठेवतील. पत्र "श्री. हरी यांस" आहे, पत्ता तेवढा माझ्या घरचा. चित्र कोणी काढलं, वेढे कोणी मोजले, ते त्यांनी विचारलेलं नाही आणि मी सांगणार नाही. मला नावाचं काय करायचंय? एकदा लग्नात बदललं तेवढं पुरे.

आता दुसरं. पाठवायचा म्हणून शंख धुवायला घेतला. रिठ्याच्या पाण्यात भिजवला आणि खराट्याच्या काडीने आतली माती हलक्या हाताने काढायला लागले. आधी काळी निघाली. मग पिवळी. मग लाल. मग तेलकट. मला वाटलं, माझ्याच बोटांचं कुंकू लागलं. हात साबणाने धुतले आणि पुन्हा बसले. पुन्हा पिवळी निघाली. तेव्हा सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन त्यात ती पिवळी माती कालवली. लालभडक झाली. पिवळी माती चुन्याने लाल होत नाही, हरी. हळद होते.

पुलाखालच्या पाल्यात हळद कोण वाहतं? हळद, कुंकू आणि तेल थरावर थर बसतं ते देवाच्या पायाशी. आंबेघोळीला वाघजाईची राई आहे. मानसिंगने मला ह्याच ओसरीवर बसून सांगितलंय. तिथली वाळकी काटकी कोणी चुलीत घालत नाही, पडलेला आंबा उचलत नाही, पायात वहाण घालून आत जात नाही. राईत गळून पडलं ते देवीचं. मग ते पान असो की गोगलगायीचं रिकामं घर.

तू राईत गेला होतास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. मधलं काही नको.

अक्का


सांगली, ता. १० सप्टेंबर १९७३

हरीस,

तू मधलंच लिहिलंस. "पुलाखाली बायका ओढ्याची ओटी भरतात, तिथलं हळदकुंकू वाहत आलं असेल." असेल! आणि मी ते मानलं. पटलं म्हणून नाही, पटवून घ्यायचं होतं म्हणून. डबीत कापूस घालून शंख ठेवला, डबी फडक्यात शिवली, वर दस्तूरसाहेबांचा पत्ता घातला. आतल्या चिठ्ठीवर माझ्या हाताने, शाईने लिहिलं, "हेळवाक, पुलाखालचा ओढा". मध्ये गणपती आले, गौरी आल्या, पोस्टात जाणं राहिलं. ते राहिलं ही गजाननाची कृपा.

परवा दगडाबाई आली. मानसिंगची आई. गिरणीतल्या मुलाकडे आली होती, तशीच वाट काढत आपल्याकडे आली. दारातच बसली, आत येईना. म्हटलं, "अहो, आत या, चहा घ्या."

"नगं ताई. आमच्या घरचं पानी सध्या कुनी घेत न्हाई. तुमच्या घरात कशाला सुतक आनू?"

मला वाटलं कोणी गेलं. तसं नव्हतं. तिचा भाऊ केरबा, तुला वाट दाखवतो तोच, त्याला गावाने वाळीत टाकलंय. बाईच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिते, तुला ऐकू येऊ दे.

"नागपंचमीला गुरव राईत गेला दिवा लावाया. बघतुय तर देवीच्या म्होरला पाला समदा उकरल्याला. चाळल्यावानी. आन् तितंच एक चाळन पडल्याली, पितळंच्या कडंची. गाव गोळा झालं. गुरव इचारतुय, कुनाची चाळन? कुनी बोलंना. तर आमचा केरबा म्होरं झाला नि म्हनला, माजी हाय."

"त्याची?"

"कशाची वं त्येची! त्येच्या घरात पितळंची वाटी न्हाई. कडंवर नाव हाय म्हनं बाईचं. सरपंचाच्या पोरानं वाचलं. गुरव म्हनला, केरबा, तुजी बायकू तर रंगूबाई, ही इनोदिनी कोन रं गड्या? समदी खदाखदा हासली. केरबा म्हनला, कराडच्या बाजारात मोडीत घेतली. कशापायी उकरलंस? तर गप. कौल लावला. देवीनं डावं फूल दिलं. तवापास्नं पानवठा बंद. पोरं वड्याचं गढूळ पानी पित्यात. धाकटीला हगवन लागलीया. गुरं राईच्या वरल्या कुरनात जाऊ देत न्हाईत."

हरी, त्या चाळणीच्या कडेवर माझं नाव आहे. लग्नात मामांनी दिलेली, नाव घालून. पाला चाळायला बारीक चाळण हवी म्हणालास, मी ती पुसून, कागदात गुंडाळून तुला दिली. ती आता वाघजाईच्या राईत फणसाला टांगून ठेवलीय. चोरीचा मुद्देमाल म्हणून. आणि मी त्या बाईच्या समोर बसले होते आणि माझं नाव मी सांगितलं नाही. तिला मी नुसती ताई. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

ती भांडायला आली नव्हती. ती कशाला आली होती, ऐक. "तुमचं भाऊ सायब हाईत. त्येंच्या सबुदाला वजन हाय. त्येंनी गावाला म्हनावं, केरबा तसला मानूस न्हवं. तुमी लिवता-वाचताय, एक चिट्ठी धाडा की. केरबा मला म्हनला, सायबास्नी यातलं काय बोलू नगंस, त्येंची नोकरी हाय. पन मी भन हाय. माज्यानं ऱ्हावत न्हाई."

कळलं? तू तिच्या भावासाठी रदबदली करावीस, म्हणून ती माझ्या उंबऱ्यावर बसली होती. मी म्हटलं, लिहिते. तिने जाताना पदराच्या गाठीतून वेलदोडे काढून दिले. ते मी घेतले. घेतल्याशिवाय ती जात नव्हती.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "गोगलगाय न् पोटात पाय म्हणतात, ते तुझ्या भावाला बघून म्हणाले असतील." इतकी वर्षं त्या तुझ्याविषयी बोलल्या की मी तुझी बाजू घेते. परवा घेतली नाही.

तुला काय करायचं ते मी सांगायला नको. आंबेघोळीला जा. गुरवापुढे उभा राहा. चाळण माझ्या बहिणीची, पाला मी चाळला, शंख मी नेला, केरबाने मला अडवलं होतं, असं सांग. अडवलं होतं ना त्याने? मला खात्री आहे, अडवलं असेल. वहाणा तरी काढल्या होत्यास का रे?

मी फडकं उसवलंय. चिठ्ठी फाडली. शंख माझ्याकडे आहे.

अक्का


सांगली, ता. २४ सप्टेंबर १९७३

हरी,

आशीर्वाद मागचेच पुरवून वापर.

तुझं पाकीट आलं. जाड होतं, म्हणून मला वाटलं, आत काही असेल. आत चार पानं कारणं होती. एकेकाचं उत्तर देते, कारण मला अर्धवट राहिलेलं आवडत नाही.

पंचवीस रुपयांची मनीऑर्डर, दगडाबाईला द्यायला. मी घेतली नाही. पोस्टमनला म्हटलं, परत पाठवा. तो म्हणाला, "वहिनी, पैसे परत पाठवणारं घर मी पहिल्यांदा बघतोय." बघू दे. पाणवठा पंचवीस रुपयांनी उघडत असता तर केरबाने बैल विकून उघडला असता.

तू लिहितोस, फुलाचा कौल ही अडाणी समजूत आहे, माझा तरी त्यावर विश्वास आहे का? आहे. मी रोज देवापुढे बसते ती काय वेळ जात नाही म्हणून? पण समज, नाही. देवी नुसता दगड आहे, राई नुसती झाडं आहेत. मग केरबा कोण आहे? तोही दगडच का? त्याची धाकटी ओढ्याचं गढूळ पाणी पिते, ती समजूत आहे का? आणि अरे शहाण्या, सगळ्या खोऱ्यात झाडं तोडून कोळसा पाडला, तरी हा तीन दातांचा शंख त्या एवढ्याशा राईत का उरला, याचा विचार तरी केलास का? पाला कोणी उचलत नाही म्हणून उरला. त्या अडाण्यांनी शेकडो वर्षं काटकी उचलली नाही म्हणून तुला तो सापडला. आणि तू चाळण घेऊन गेलास.

नोकरीचं लिहिलंस. गावकरी वर तक्रार करतील, बदली होईल. होऊ दे. बदली म्हणजे वाळीत टाकणं नव्हे. नव्या गावात तुला पाणी मिळेल.

तू लिहितोस, केरबाने आपणहून अंगावर घेतलं, तू त्याला सांगितलं नव्हतंस. खरं असेल. पण त्याने घेतलं हे तुला कधी कळलं? मानसिंगला मी काल बोलावून विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "सायबास्नी दुसऱ्या दिशीच सांगिटलं व्हतं मामानं." दुसऱ्या दिवशी! म्हणजे तू मला पिशवी पाठवलीस तेव्हा तुला माहीत होतं. त्याच मानसिंगच्या खांद्यावर, त्याच्याच मामाच्या जिवावर आणलेला शंख तू माझ्या घरी पाठवलास, आणि वर लोणचं.

आणि शेवटच्या पानावर ते. "अक्का, शंख लगेच दस्तूरसाहेबांकडे पाठव. माझं नाव नको. मी त्यांना लिहितो, ओळखला तू, चित्र तुझं. जातीला तुझं नाव ठेवतील. तुझं नाव जगभरच्या ग्रंथात जाईल."

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. उचललं, हे तुला कळलं पाहिजे. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा बाबा म्हणाले होते, आता पुरे, हरीचं बघायचंय. तेव्हा मी जे बोलले नाही ते तुला इतकं अचूक ठाऊक आहे, आणि ते तू असं वापरलंस. मला ह्या सगळ्यात ह्याचा जेवढा राग आला तेवढा चोरीचा नाही आला. मला लाच द्यायला तुला दुसरं काही सापडलं नाही?

आता माझं ऐक. दस्तूरसाहेबांना मी लिहिलंय. शंख पाठवता येत नाही, त्याची ठिकाणाची चिठ्ठी खोटी होती, खरं ठिकाण सांगायला गावाची परवानगी नाही. चित्र आपल्यापाशी ठेवावं, नाव देऊ नये. खाली सही केली आहे, माझी, पूर्ण नावाने. ते काय समजायचं ते समजोत.

येत्या गुरुवारी घट बसतील. त्याच्या पुढच्या गुरुवारी अष्टमी. दगडाबाई सांगते, अष्टमीच्या होमाला सगळं आंबेघोळ राईच्या तोंडाशी जमतं आणि वर्षाची भांडणं तिथेच मिटतात किंवा पक्की होतात. ह्या वेळी केरबाचं पक्कं करणार आहेत. मी जाणार आहे. शंख घेऊन, दगडाबाईबरोबर. मी आजवर नवरात्रात घट सोडून उंबरा ओलांडलेला नाही, तुला माहीत आहे. यांना सांगितलं तर म्हणाले, "परक्या गावच्या भानगडीत बाईमाणसाने पडू नये." सासूबाई विडा लावत होत्या. न थांबता म्हणाल्या, "बाईमाणसाच्या नावाची चाळण टांगलीय तिथे, ती परकी कशी? दिवा मी सांभाळते. जा तू. पण परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घटाला शिवायचं नाही." पंधरा वर्षांत त्या माझ्या बाजूने पहिल्यांदा बोलल्या, तेही तुझ्यामुळे. एवढे उपकार तुझे मानते.

मी तिथे माझं नाव सांगणार. शंख जिथे होता तिथे ठेवायला गुरवाच्या हातात देणार. दंड म्हणतील तो भरणार, केरबाकडून एक पैसा घेऊ देणार नाही. एवढं माझं. पण राईत कोण शिरलं हे सांगायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. तू तिथे उभा असलास तर मी तोंड उघडणार नाही. तू सांगशील तेवढंच. आणि तू नसलास तर माझ्या पाठच्या भावाचं नाव, बापाच्या नावासकट, साऱ्या गावादेखत मला घ्यावं लागेल. मला ते घ्यायला लावू नकोस रे. ज्या भावाला मी भाऊबिजेला ओवाळते, त्याला असं ओवाळायची माझी इच्छा नाही.

हेळवाकहून आंबेघोळीला पायी दोन तास आहेत. मी सांगलीहून येते आहे.

येणार की नाही, एवढंच उलट टपाली कळव. पाकिटाला पैसे घालू नकोस, कार्ड टाक. पोस्टमन वाचेल, हे वाचतील, सासूबाई कोणाकडून तरी वाचून घेतील. वाचू देत.

विनोदिनी